गटारीचं औक्षण

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला धीराची बाई समजायला नको. पाल दिसली की मी पलंगावर चढते, आणि दारासमोर अनोळखी मोटरसायकल उभी राहिली की ती जाईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. लग्न मात्र अशा माणसाशी झालं, ज्याला भीती म्हणजे काय हे कुणी शिकवलंच नव्हतं. आमचे हे आयुष्यभर एका शाळेच्या कार्यालयात पगाराची बिलं करत होते. अंगानं किडकिडीत, आवाज बारीक, पण एखादी गोष्ट मनाला पटली नाही की हटून बसायचे. मग जेवणसुद्धा गार व्हायचं.

आमच्या घरात फेब्रुवारी हा वेगळाच महिना असे. वर्षाचा राहिलेला प्राप्तिकर त्या महिन्याच्या पगारातून कापायचा, आणि शाळेत तो कापणारे हेच. स्वतःचाही स्वतःच्या हातानं कापायचे. शिक्षक ह्यांच्या टेबलाभोवती जमून कुरकुरायचे, "एवढं कुठं जातंय हो हे?" आणि हे मान वर न करता सांगायचे, "सरकारात." त्या महिन्यात आमच्याकडे रविवारचं मटण बंद. कोल्हापुरात रविवारी सकाळी ज्या घरातून वास येत नाही ते घर गल्लीच्या लगेच ध्यानात येतं. समोरच्या वैनी जैन, त्यांचा मटणाशी काही संबंध नाही, तरी दारातून हसून विचारायच्या, "काय ओ, फेब्रुवारी आला वाटतं?" मला तेव्हा राग यायचा. आता आठवलं की हसू येतं.

निवृत्त झाल्यावर ह्यांच्या डोक्यात तो 'सरकारात' शब्द फिरायला लागला. इतकी वर्षं लोकांना आपण एका शब्दात वाटेला लावलं, पण तिथून पुढं तो पैसा गेला कुठं? रिकामा माणूस आणि असा प्रश्न, म्हणजे घरातल्या बाईनं काळजी करावी असाच प्रसंग. मी मात्र तेव्हा निवांत होते. बसतील पेपर वाचत, असं मला वाटलं.

त्याच सुमारास आमच्या गल्लीत नवी गटार झाली. सिमेंटची, वर झाकणं टाकलेली. ती 'दिली' आमच्या भागातल्या दादांनी. दादा म्हणजे माजी नगरसेवक. आमच्याच भिंतीवर लावलेल्या त्यांच्या पाटीवर 'माजी' हा शब्द मुंगीएवढा होता आणि फोटो आमच्या दारापेक्षा मोठा. खाली लिहिलं होतं, गल्लीस सप्रेम भेट.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कुणी काही उद्घाटन करायला आलं की गल्लीतल्या बायका त्याला ओवाळतात. मग ती पाण्याची टाकी असो, रस्ता असो नाहीतर गटार. ताट कायम माझं, कारण चांदीचं निरांजन माझ्याकडे आहे. त्या दिवशीही मी दादांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, फेट्याला धक्का न लावता ओवाळलं. त्यांनी ताटात नोट ठेवली, भावानं ठेवावी तशी. हलगी वाजली. उघड्या गटारीचा वास गेला म्हणून मला मनापासून बरं वाटत होतं.

घरात आले तर हे पायरीवर बसलेले.

"कुणाला ओवाळलीस?"

"दादांना. गटार दिली त्यांनी."

"त्यांनी? त्यांनी कुठली दिली? माझ्या सगळ्या फेब्रुवारींनी दिलीया ती."

मीही काही अगदीच अडाणी नव्हते. म्हटलं, "तुमचा टॅक्स गेला दिल्लीला. ही गटार हितली हाय."

"दिल्लीतनं मुंबईला येतोय, मुंबईतनं हितं. वाटंत झिजतोय ते सोड. शिवाय आपला म्युन्सिपाल्टीचा घरफाळा हाय. वैनी साबण घेत्यात, त्यात टॅक्स हाय. कोपऱ्यावरचा चहावाला गाडीत पेट्रोल घालतोय, त्यात हाय. माझा पगारातनं कापला म्हणून मला दिसला. त्यांचाबी कापून घेत्यात, त्यांना फक्त दिसत न्हाय." मग ताटातली नोट उचलून म्हणाले, "आणि आपल्याच पैशातनं आपल्याला ओवाळणी."

इथवर सगळं घरात होतं. घरात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण चार दिवसांनी ह्यांनी प्लायवूडचा एक तुकडा पांढरा रंगवला आणि त्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं: 'ही गटार आपल्या सर्वांच्या करातून झाली आहे. कामाची पाहणी करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.' आणि ती पाटी दादांच्या पाटीच्या बरोबर खाली, आमच्या भिंतीला ठोकली. अक्षर बिलांवर असायचं तसंच, सुरेख.

पहिले काही दिवस लोक हसले. चहावाला खरंच विचारायला आला, "काका, म्हंजे ह्यात माझाबी हाय?" हे त्याला अर्धा तास समजावत बसले. वैनीही साबणाची वडी हातात घेऊन त्यावरचं बारीक वाचायला लागल्या. मग ह्यांनी पुढची पायरी गाठली. एक लोखंडी कांब घेऊन गटारीच्या झाकणांवर ठोकत फिरायला लागले आणि जो भेटेल त्याला सांगायला लागले, "आवाज ऐका. आत सळई न्हाय ह्याच्या."

त्यानंतर हसणं थांबलं. हे ठोकत येताना दिसले की माणसं दुसऱ्या बाजूनं जायची. चहावाला विचारायचा बंद झाला. वैनी दारातून नुसती मान हलवायच्या आणि आत जायच्या. कुणी काही बोलत नव्हतं, आणि मला त्याचीच धास्ती बसली. कोल्हापूरचं माणूस बोलायचं थांबतं तेव्हा काहीतरी शिजत असतं.

एका सकाळी तालमीतला एकजण आला. दादांचा उजवा हात. ह्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला, माझ्या हातचे बेसनाचे लाडू खाल्लेला, आता दारातून आत यायचं तर खांदा तिरका करावा लागतो असा. गळ्यात जाड चेन. मी चिवडा दिला, चहा दिला. तो अगदी अदबीनं बसला होता.

"काका, पाटी बरी दिसत न्हाय," तो म्हणाला. "दादांनी अजून काय म्हटलेलं न्हाय. पण पोरं हायत, त्यांची डोकी गरम असत्यात. सगळीच माझ्यासारखी नसत्यात."

"त्यात खोटं काय लिवलंय ते सांग," हे म्हणाले.

"खोटं न्हाय ओ. खोटं असतं तर कोण बोललं असतं?"

ह्यांनी ते हसण्यावारी नेलं. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. चपला घालता घालता तो म्हणाला, "काकू, काका सांजचं दूध आणायला एकटंच जात्यात न्हवं?"

मी हो म्हणाले. तो बरं म्हणून गेला. मी फाटकाची कडी लावली आणि ती लागली का हे दोनदा ओढून बघितलं.

आमच्याकडे संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर येतात आणि समोर धार काढून दूध देतात. हे रोज बरणी घेऊन तिथं जायचे. त्या दिवसापासून ती बरणी माझी वैरीण झाली. हे बाहेर पडले की मी खिडकीत. पिशवीतलं दूध आणू म्हटलं, तर "त्याला चव न्हाय" म्हणाले. माझं डोकं दुखतंय, आज जाऊ नका, असं सांगून पाहिलं. पाटी काढा म्हणून रडले. मुलीला पुण्याला फोन केला, तिनंही झापलं. हे म्हणाले, "अगं, मी काय शिवी लिवलीया का?" त्यांना खरंच कळत नव्हतं. मला त्यांचा असा राग आला की वाटलं, एकदाचं काय व्हायचं ते होऊन जाऊ दे. आणि तसं वाटल्याबद्दल लगेच देवाला हात जोडले.

आणि एका संध्याकाळी हे आले नाहीत. दिवे लागले, देवापुढं वात लावली, तरी नाहीत. मी तशीच निघाले. तालमीच्या कोपऱ्यावर गर्दी दिसली आणि गर्दीच्या पायांमधून दूध वाहत येताना दिसलं. बरणी रस्त्यावर आडवी पडली होती. पुढं घुसले तर हे खाली बसलेले, धोतर चिखलानं माखलेलं, आणि त्यांच्या दोन्ही काखांत हात घालून उभा तोच, चेनवाला.

मी त्याच्या अंगावर धावले. कॉलर धरली, तोंडाला येईल ते बोलले. चेन तुटली. तो काही करेना, नुसता उभा. मग खालून ह्यांचा बारीक आवाज आला.

"अगं सोड त्याला. त्यानंच वर काढलंय मला. झाकण मोडलं." आणि दुखत असतानाही म्हणाले, "बघ, सळई न्हवती."

पाय दोन ठिकाणी मोडला होता. दवाखान्यात प्लॅस्टर घालताना मी बाहेर बाकावर बसून होते, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतके दिवस मी माणसांना भीत बसले होते. रोज जिच्यावरून पाय टाकत होते, जिच्यासाठी ओवाळलं होतं, त्या गटारीची मला कधी भीती वाटली नव्हती. चेनवाला तुटलेली चेन खिशात घालून सकाळपर्यंत माझ्याजवळ थांबला. मी त्याला माफ कर म्हटलं, तर म्हणाला, "असू दे काकू."

पुढं गटारीला नवा निधी आला. पाटी बदलली. 'मजबुतीकरण' असं काहीतरी लिहिलं होतं, फोटो तोच. जुनी झाकणं उचलून नवी टाकली. आमची पांढरी पाटी त्या धांदलीत कुठं गेली कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलीही नाही. आणि एके दिवशी चेनवाला दारात आला. "काकू, ताट."

त्याच गटारीचं दुसरं उद्घाटन. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते काठी घेऊन पायरीवर बसले होते, म्हणाले, "जा. न्हाय गेलीस तर आणखी काळजी करत बसशील." बरोबर ओळखलं होतं. मी निरांजन लावलं आणि गेले.

दादांना कुंकू लावलं. हलगी थांबली. कुणीतरी माइक माझ्या तोंडापुढं धरला आणि म्हणालं, "काकू, गल्लीच्या वतीनं दोन शब्द." म्हणजे आभार मानायचे. सगळ्या बायका मानतात, तेवढंच. निरांजनातली वात विझायला आली होती. समोर ते झाकण होतं, नवं कोरं, जिथं हे पडले होते. मी आभार मानणार होते, देवाशपथ मानणार होते.

"ही गटार दोनदा झाली," मी म्हणाले. स्पीकरमधून माझाच आवाज मला परका वाटला. "दोन्ही डाव पैसा आमचाच गेला, सगळ्या गल्लीचा. एकदा आमच्या ह्यांचा पायबी गेला. दादा आज पावणं हायत, म्हणून ओवाळलं. आता सळई घातलीया का तेवढं सांगा, म्हंजे आम्ही चालायला मोकळं."

दादा हसले आणि माइक घेऊन म्हणाले, "काकू लई विनोदी हायत." कुणी हसलं नाही. त्यांनी ताटात नोट ठेवली. मी ती उचलून त्यांच्याच हातात परत दिली, आणि हे मी का केलं ते मला आजही सांगता येणार नाही. बायकांच्या मागे उभ्या असलेल्या वैनी तेवढ्या पुढं आल्या आणि माझ्या हातातलं ताट धरलं, कारण ते पडलं असतं.

आमच्या फाटकाशी पोचते तोच चेनवाला मागून आला. आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "काकू, काकांचा पाय मोडल्यापासनं दूध आणायला तुम्हीच जाताय न्हवं?"

मी हो म्हणाले. तो ह्यांच्याकडं एकदा बघून निघून गेला. तो मला सावध करत होता की दुसरं काही, हे त्याच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. ह्यांनी पायरीवरून ते ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बरणी घेतली. चपला घालते तोवर हे काठी टेकत पायऱ्या उतरत होते. प्लॅस्टर निघून फार दिवस झाले नव्हते.

"तुम्ही कुठं?"

"येतो तुझ्यासंगं."

"पाय?"

"असू दे."

आम्ही नव्या झाकणांवरून न जाता रस्त्याच्या मधून चाललो. त्यांनी माझा दंड धरला होता. मागून मोटरसायकलचा आवाज आला तसा त्यांचा हात घट्ट झाला, आणि गाडी पुढं निघून गेल्यावरही तो थरथरत राहिला. मला वाटलं पाय ठणकतोय.

"पाय दुखतोय का?" मी विचारलं.

"न्हाय," हे म्हणाले, आणि मागं वळून बघितलं.