नाव घेऊन घातलेलं गाऱ्हाणं

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीसमोर एक छोटी बाग आहे. सकाळी मी लॅपटॉप उघडून बसलो की तिथून आवाज यायचा. आधी एक माणूस लांब सुरात काहीतरी बोलायचा, मग बरेच म्हातारे गळे एकदम ओरडायचे, "व्हय म्हाराजा." पुन्हा तो सूर, पुन्हा तो गजर. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा माइक चालू राहिला आणि हैदराबादच्या मॅनेजरने विचारलं, तुमच्याकडे मोर्चा वगैरे आहे का? मलाही माहीत नव्हतं. म्हणून एका सकाळी चहाचा कप हातात घेऊनच खाली उतरलो.

सूर लावणारा माणूस आमच्याच मजल्यावरचा निघाला. दत्ताराम परब. वडील गिरणीत होते, गाव कुडाळजवळ. स्वतः कांजूरमार्गच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. लिफ्टमध्ये भेटले की "काय रे, बरा मा?" एवढंच विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत बाहेर पडायचे. इथे मात्र पिंपळाच्या पारासमोर, स्पोर्ट्स शूज आणि लेंगा अशा वेषात, हात जोडून ते देवाशी बोलत होते.

"बा देवा म्हाराजा. आज तुझी लेकरां हय जमली हत. कोणाचे गुडघे दुखतत, कोणाची साखर वाढली हा, कोणाचो झिल फोन उचलणा नाय. सगळ्यांचा बरा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे ओरडले. त्यात पटेलभाई होते, एक तमिळ जोडपं होतं, आणि सर्वांत मोठा आवाज लखनौच्या चंद्रप्रकाशजींचा होता.

गाऱ्हाणं म्हणजे काय हे मला परबकाकांनी नंतर समजावलं. कोकणात कुठलंही काम सुरू करताना गावातला जाणता माणूस देवाला सगळं उघड सांगतो. कोण आलंय, काय अडलंय, काय हवंय. बाकीच्यांनी दर वाक्याला होकार द्यायचा. मी म्हटलं, आमच्याकडे दोन मशिनी एकमेकींशी बोलतात तेव्हाही असंच असतं, समोरून पोच आल्याशिवाय पुढचा निरोप जात नाही. काकांनी थोडा विचार केला. "म्हणजे तुमच्या मशिनी मालवणी," ते म्हणाले.

पण बागेत हे आलं कसं? ते मला रुक्मिणीकाकूंनी सांगितलं, काकांच्याच समोर.

"रिटायर झाल्यावर ह्यांनी माझा मिक्सर उघडला. चांगला चालत होता. मग गॅसची शेगडी उघडली. मग म्हणाले, फ्रिज आवाज करतोय. मी म्हटलं, अहो, फ्रिजला हात लावलात तर मी माहेरी जाईन."

"माहेरी कोण हा आता?" काका पेपरातून म्हणाले.

"म्हणूनच ह्यांना बागेत पाठवलं."

बागेत तेव्हा हास्यक्लब होता. काकांना ते जमेना. कारण नसताना हसायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो ते रोज विचारायचे. शेवटी क्लब चालवणाऱ्या अनुपमाबाई वैतागल्या. अनुपमाबाई रिटायर्ड मुख्याध्यापिका. समोरच्या बिल्डिंगमध्ये एकट्या राहतात. त्या म्हणाल्या, "परब, हसू नका, पण निदान ओरडा तरी. फुप्फुसं मोकळी होतात." काका म्हणाले, ओरडायचंच असेल तर देवाला ऐकू जाईल असं ओरडू. महिन्याभरात हास्यक्लबातलं हसणं मागे पडलं आणि हे राहिलं.

मी अधूनमधून जायला लागलो. एक गोष्ट मला कळत नव्हती. प्रत्येक होकारानंतर काका क्षणभर थांबायचे, मान किंचित कलती करून. श्वास घ्यायला म्हणावं तर श्वास आधीच घेतलेला असायचा. विचारलं तर म्हणाले, "असाच."

मग ती सकाळ आली. अनुपमाबाई किंचित लंगडत आल्या होत्या. त्यांनी काकांना बाजूला घेऊन हळूच काहीतरी सांगितलं. काकांनी मान हलवली, पारासमोर उभे राहिले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा. ही अनुपमाबाई. एकटी रवता. काल न्हाणयेत घसरान पडली, पण कोणाक बोलूक नाय. तिचो पाय धड कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळे ओरडले, एक अनुपमाबाई सोडून. आणि चंद्रप्रकाशजी, जे रोज व्हिडिओ काढायचे, त्यांनी त्याही दिवशीचा सवयीप्रमाणे बागेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली फुलांचा गुच्छ लावून. त्या ग्रुपवर अनुपमाबाईंचा मुलगा सुयोगही होता, हे कोणाच्या लक्षात नव्हतं. सुयोग बंगळुरूला असतो.

पडल्याचं बाईंनी त्याला सांगितलं नव्हतं, कारण गेल्याच दिवाळीत तो म्हणाला होता, "आई, आता काही झालं तर मी ऐकणार नाही. फ्लॅट भाड्याने देऊ, तू माझ्याकडे." दुपारी त्याचा फोन आला. शनिवारी येतोय, सामान काय काय घ्यायचं ते बघून ठेव.

संध्याकाळी बाई परबांच्या दारात आल्या. आमचं दार समोरच, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"परब, मी तुम्हाला विश्वासाने सांगितलं होतं."

"बाई, मी देवाक सांगितलंय. तुमच्या झिलाक नाय."

"सगळ्या बागेसमोर?"

"आमच्यात तसाच असता. नाव घेवन, काय झाला ता सांगूक लागता. नायतर देव कोणाचो पाय बरो करतलो?"

"बंगळुरूला त्याच्या बाविसाव्या मजल्यावर मी काय करणार, ते पण विचारा तुमच्या देवाला," बाई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. लिफ्ट होती तरी, त्या पायाने.

दुसऱ्या दिवशी बागेतून आवाज आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. परबांच्या घरातून मात्र ठोकाठोक ऐकू येत होती. काकूंनी दार उघडून मला बोलावलं आणि नुसतं स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. काका फ्रिजच्या मागे बसले होते, हातात स्क्रू ड्रायव्हर.

"आवाज करता हा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

शुक्रवारी रात्रीचं जेवण व्हायच्या आत बाई पुन्हा आल्या. या वेळी आवाज खाली होता.

"उद्या सुयोग येतोय. त्याला सकाळी बागेत आणते. तुम्ही या."

"मी कशाक? माझ्यामुळे आधीच वाट लागली."

"म्हणूनच. तुम्ही फिटर ना? मोडलंय तुम्ही, जोडायचंही तुम्हीच."

शनिवारी बाग भरली होती. चंद्रप्रकाशजींनी मोबाइल खिशात ठेवला होता आणि तो तिथेच आहे हे ते प्रत्येकाला दाखवत होते. सुयोग विमानातून उतरून थेट आलेला, आईच्या सामानासाठी आणलेली चाकांची बॅग बाकाला टेकवलेली. काकांनी हात जोडले. मला वाटलं आता ते माफी मागणार, नाहीतर बाईंसाठी काही मागणार.

"बा देवा म्हाराजा. हो सुयोग. लांब रवता. आवशीचो फोन लागलो नाय तर ह्याका झोप लागणा नाय. ह्याच्या जिवाक थोडी शांती दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सुयोग आधी हसला, मग त्याने चष्मा काढून पुसला. काका थांबले होते, मान कलती करून. तेव्हा बाई त्याला म्हणाल्या, "बघ, ते ऐकतायत. रोज ऐकतात, कोणाचा आवाज आला नाही ते. एकदा चंद्रप्रकाशजी आले नाहीत तर आम्ही सगळे त्यांच्या घरी जाऊन दार वाजवत होतो."

"मैं बेटी के यहाँ था, ठाणे," चंद्रप्रकाशजी म्हणाले. "पडोसियों ने समझा मैं गुज़र गया."

"बंगळुरूला माझा आवाज आला नाही तर कोणाला कळेल रे?" बाईंनी विचारलं. "तू ऑफिसला, सूनबाई ऑफिसला."

सुयोग काकांकडे वळला. त्याने विचारलं, "इतक्या आवाजात एक नसलेला कळतो?"

"मशीनचा एक नट सैल झालो तर कळता मा? तसाच," काका म्हणाले. मग जरा ओशाळून, "बाईंचो तर कळताच. शाळेत असल्यासारख्या ओरडतत."

सुयोग सुट्टी संपेपर्यंत राहिला. पहिले दोन दिवस आई-मुलाचं बोलणं खिडकीतून बागेपर्यंत यायचं. तिसऱ्या दिवशी खिडकीतून ड्रिलचा आवाज आला. बाथरूममध्ये भिंतीला धरायचे दांडे लागत होते. काका देखरेखीला, म्हणजे ड्रिल त्यांच्याच हातात आणि सुयोग स्टूल धरून. रुक्मिणीकाकू मला म्हणाल्या, "चार भोकं आणखी पाडू देत तिकडे. फ्रिज वाचला माझा."

बॅग तशीच परत गेली, रिकामी. "दिवाळीपर्यंत बघू" असं ठरलंय. सुयोगने जाताना एक अट घातली, रोज सकाळी बाईंनी त्याला फोन लावून तो पारावर ठेवायचा. तो तिकडे दात घासत ऐकतो. एकदा त्याचाही "व्हय म्हाराजा" फोनमधून आला, सगळ्यांच्या मागून, उशिरा.

काकांनी पद्धत थोडी बदलली आहे. सुरू करण्याआधी आता ते विचारतात, कोणाचं नाव घेऊ, कोणाचं नको. बहुतेक जण घ्या म्हणतात. परवा मीही सांगितलं, माझ्या पाठीचं बघा. काकांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि वर स्वतःहून माझ्या लग्नाचंही जोडलं.

अनुपमाबाईंचा पाय आता बरा आहे. काल काकांनी त्यांना विचारलं, "बाई, नाव घेव?"

"घ्या," त्या म्हणाल्या. "पण पडली म्हणू नका. घसरली म्हणा."