काठी एका गाडीत, टोपी दुसरीत

वॉर्डात तिला सगळे सिस्टर म्हणत आणि घरात ताई. दोन्हीकडे काम एकच, बघण्याचं. सलाईन संपत आलं का बघ, गॅस बंद आहे का बघ, आणि एकदा बघून झालं की पुन्हा बघ. खुर्चीत ती कधी नीट टेकून बसली नाही. "तुझ्या पाठीची आणि खुर्चीच्या पाठीची ओळखच नाही," असं धाकटी बहीण म्हणायची. अठ्ठावीस वर्षं ताई नव्या नर्सांना कानीकपाळी ओरडून एकच गोष्ट सांगत आली होती. ड्युटी बदलताना चार्ज द्यायचा तो खाटेपाशी उभं राहून. आधी पेशंटचं तोंड बघायचं, मग सही. "असेल बाथरूममध्ये," असं कुणी म्हणालं की त्या पोरीची खैर नसे. "असेल म्हणजे नाही, असंच धरायचं," ताई म्हणायची.

हे ती नर्सिंगच्या शाळेत शिकली नव्हती, बापाकडून शिकली होती. बाबा सहा दिवस कारखान्यात लेथवर उभे असत आणि सातव्या दिवशी चर्चमागच्या खोलीत मुलांची रविवारची शाळा घेत. लेथनं एका करंगळीचं टोक नेलं होतं, म्हणून मुलं त्यांना साडेनऊ सर म्हणत, आणि तेही हाकेला ओ देत. दर वर्षी एक धडा ठरलेला. बारा वर्षांचा येशू आईबापांबरोबर सणाला यरुशलेमला जातो. परतताना सगळे दिवसभर चालतात आणि मग लक्षात येतं, पोरगा बरोबर नाही. "चूक कुणाची?" बाबा विचारायचे. अर्धा वर्ग योसेफाचं नाव घ्यायचा, अर्धा मरीयेचं. खोली डोक्यावर घेऊन झाली की ते सावकाश म्हणायचे, "ही म्हणाली, त्याच्याबरोबर असेल. तो म्हणाला, हिच्याबरोबर असेल. देवानं ज्यांच्या ओटीत आपला मुलगा घातला, ती माणसंसुद्धा असेल म्हणाली आणि चालत राहिली. मग तुम्हीआम्ही कोण लागून गेलो?"

बाकीची मुलं हे ऐकून निर्धास्त व्हायची. दहा वर्षांच्या ताईनं मात्र त्यात धाकच ऐकला, आणि तो आजपर्यंत तिच्या मानेवर बसून होता.

गेल्या तीन वर्षांत बाबा हळूहळू रिकामे होत चालले होते. आधी माणसांची नावं गेली, मग घरचा रस्ता, मग शिकवलेले धडे. गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला. शेजारणीनं एकदा त्यांना चौकातून हाताला धरून आणलं. ताईच्या पाळ्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या, आणि धाकटीचं घर दोन खोल्यांचं. शेवटी ताई गावाबाहेरचं एक केंद्र बघून आली. तिथं अशी माणसं सांभाळतात. स्वच्छ चादरी, दारावर पहारा. फॉर्मवर सही झाली होती. सोमवारी सकाळी दहा वाजता बाबांना तिथं पोचवायचं होतं. बॅग भरून तिच्या खाटेखाली सरकवलेली होती. बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगून कळणार आहे थोडंच, असं ती स्वतःला दिवसातून चार वेळा समजावत होती, आणि समजूत काही पटत नव्हती.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, धाकटीच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. चर्च तेच जुनं, तासाभराच्या अंतरावरचं. बाळानं पाणी डोक्यावर पडताच रडून छप्पर उडवलं. मग फोटो. "फोटोत काठी नको," म्हणून ताईनं बाबांची काठी घेतली. "टोपी पण नको," म्हणून धाकटीनं टोपी काढली. मग बाळ भुकेलं, कुणाची पिशवी राहिली, भाड्याच्या गाडीवाला हॉर्न वाजवू लागला. एका गाडीत ताई आणि पाहुणे बसले. दुसरीत धाकटी, तिचा नवरा, लेक आणि बाळ.

ताईची गाडी आधी घरी पोचली. मागची येताच ती काठी घेऊन पुढं झाली.

"बाबांना या बाजूनं उतरव."

"बाबांना?" धाकटी म्हणाली. "ते तुझ्याकडे आहेत ना?"

"माझ्याकडे काठी आहे."

धाकटीनं मांडीवरची टोपी उचलून दाखवली.

चर्चमधला फोन कुणी उचलला नाही. नातेवाइकांना फोन लावले. कुणाकडेच नव्हते. पाच मिनिटांत धाकटीच्या नवऱ्यानं गाडी उलटी वळवली. मागं दोघी बहिणी, मध्ये काठी.

"मला वाटलं, तू धरलंयस त्यांना," धाकटी हुंदके देत म्हणाली. "तू नेहमी धरतेस."

"आणि मला वाटलं, तू."

"उद्याचं आजच केलं गं आपण, ताई."

ताईला ते लागलं. तिला प्रार्थना करायची होती, ती जमेना. रस्त्यावर दिसेल त्या म्हाताऱ्याची चाल ती तपासत होती. तिच्या मनात आलं, मरीया परतीच्या वाटेवर काय करत होती? योसेफाशी भांडत होती, की तिचेही शब्द असेच संपले होते? बाबांनी ती वाट कधी शिकवलीच नाही. शोधाचे तीन दिवस ते एका वाक्यात उरकायचे आणि थेट मंदिरात पोचायचे, जिथं पोरगा गुरूंच्या मधोमध बसून प्रश्न विचारताना सापडतो.

चर्चच्या फाटकात कुणी नव्हतं. बसथांब्यावर नव्हतं. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "सकाळपासून दहा म्हातारे गेले, बाई. तुमचा कुठला?" कबरस्तानात आईच्या कबरीपाशी ते नक्की असतील म्हणून ती धावत गेली. तिथं फक्त गवत वाढलेलं होतं. धापा टाकत ती चर्चला वळसा घालून मागं आली, आणि तिला मुलांचा आवाज आला.

जुन्या खोलीच्या खिडकीशी ती थबकली. रविवारची शाळा भरली होती. शिकवणारी तरुण मुलगी हाताची घडी घालून फळ्याला टेकली होती. मधोमध, पोरांच्या बुटक्या खुर्चीत, गुडघे छातीशी आलेले बाबा. एका चिमुरडीनं त्यांची तुटकी करंगळी मुठीत धरली होती.

"मग त्या मुलाची आई कुठं होती?" बाबा विचारत होते.

"पुढं गेली होती," एक मुलगी म्हणाली. "तिला वाटलं, असेल गर्दीत."

"मग?"

"मग परत आली की!"

"नक्की?"

"हो!" सगळी एकदम ओरडली.

"मारलं का त्याला?"

मुलं खदखदून हसली. "नाही! पण ओरडली खूप."

ताई ऐकत राहिली. बाबा परीक्षा घेत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आयुष्यभर ज्यांनी ही गोष्ट सांगितली ते आता ती पहिल्यांदा ऐकत होते, कान टवकारून, आणि पुढं काय झालं याची त्यांना घाई झाली होती. त्यांचा असा चेहरा तिनं तीन वर्षांत पाहिला नव्हता. घरात त्यांना कुणी प्रश्न विचारू देत नसे. विचारायच्या आधीच उत्तर मिळायचं, औषध घ्या, बसा, झोपा.

तरी ती आत शिरली तेव्हा तोंडातून निघायचं तेच निघालं.

"बाबा! असं वागतं का कुणी? आम्ही दोघी जीव मुठीत धरून शोधतोय!"

चिमुरडीनं बाबांच्या कानाशी तोंड नेलं, पण कुजबुज सगळ्यांना ऐकू गेली. "हीच का ती, ओरडणारी?"

"मी इथंच होतो," बाबा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "तुम्ही गेलात."

धाकटीनं टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली, ताईनं काठी दिली. ते निमूट उठले, मुलांना हात केला आणि चालू लागले. गोष्टीचा शेवटही असाच, तो मुलगा आईबापांबरोबर घरी गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. लहानपणी हे वाक्य आलं की ताईला हायसं वाटायचं. आज तिला ते वाक्य सोसवेना. जो असा निमूट आपल्याबरोबर येतो, त्याला कुठं न्यायचं हे आपल्यावर येतं.

गाडीत ती बाबांना खेटून मागं बसली. बराच वेळ खिडकीची काच वर-खाली करत राहिली.

"बाबा, उद्या मी तुम्हाला एका ठिकाणी ठेवायला नेणार आहे. राहायला. तुम्हाला सांगितलं नव्हतं. आधी सांगायला हवं होतं."

पुढच्या सीटवरून धाकटीनं वळून बघितलं. बाबांनी काठीची मूठ दोन-तीनदा फिरवली, लेथवरचा तुकडा तपासावा तशी.

"मुलं असतील का तिथं?"

ताईच्या ओठांवर उत्तर तयारच होतं, असतील की. तिनं ते गिळलं. त्या केंद्रात तिनं चादरी उलटून पाहिल्या होत्या, औषधांचं कपाट उघडून पाहिलं होतं, दाराच्या कड्या ओढून पाहिल्या होत्या. माणसं तोंड उघडून बोलतात का, कुणी कुणाला काही विचारतं का, हे पाहायचं तिला सुचलंच नव्हतं. चेहरा न बघता ती सही करून आली होती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मग विचार."

तिनं पर्समधून फोन काढला. केंद्राचा नंबर लावला आणि घंटा वाजू लागली तशी सीटच्या कडेवर सरकून ताठ बसली. दुसऱ्या हातानं तिनं बाबांचं मनगट धरलं होतं, नाडी बघताना धरतात तसं.

"उद्या दहाला आम्ही येतोय ते फक्त बघायला," ती फोनवर म्हणाली. "ठेवायचं की नाही ते नंतर. वडील बरोबर असतील. त्यांना तुम्हाला काही विचारायचंय."