कलिंगडाच्या शेतातली होडी

चार वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्यात होडी ठेवायला काही पैसे पडत नव्हते. शेवगावच्या बाजूला काठावरच्या बाभळीला दोर बांधायचा आणि केडगावला घरी जायचं. मग रविवारी पक्षी बघायला गाड्या येऊ लागल्या, भज्यांच्या टपऱ्या लागल्या आणि एकाने घाटाचा ठेकाच घेतला. होडी बांधायचे पैसे वेगळे, गाडी लावायचे वेगळे, लाइफ जॅकेट त्यांच्याकडूनच भाड्याने घ्यायचं. पंपवाला कॅनमध्ये पेट्रोल देत नाही. इंजिनाचा मिस्त्री पुण्याहून येतो. येण्याचे पैसे आधी सांगतो, बिघाड नंतर बघतो.

होडी मी हौसेला घेतलेली नाही. थोरली बहीण पलीकडच्या काठावर दिली आहे आणि तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. तिकडून वळसा घालून येणारा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. डॉक्टरांनी त्याचं नावही काढू नका म्हणून सांगितलंय. अलीकडचा रस्ता गुळगुळीत आहे. म्हणजे अक्काला आणायचं तर पाण्यावरूनच.

भंगारातली इंजिनं विकून मी उभा राहिलो. भाव पाडणं मला कुणी शिकवायला नको. दिवाळीत धरण काठोकाठ भरलं होतं तेव्हा ठेकेदाराला गाठून, पिंपळाखालचा खुंटा वर्षभरासाठी निम्म्या दराने पदरात पाडून घेतला. कागदही करून घेतला. तो इतक्या लवकर हो म्हणाला, तिथेच मला कळायला हवं होतं.

मार्चमध्ये मुलीचं बारसं ठरलं. आत्याने कानात नाव सांगितल्याशिवाय बारसं कसलं? चार गडी घेऊन सकाळी घाटावर गेलो. होडी पिंपळाखाली चिखलात बसलेली. पाणी अर्धा किलोमीटर मागे गेलेलं आणि मधल्या उघड्या गाळात कलिंगडाचे वेल पसरलेले.

ठेकेदार टपरीवर चहा पीत होता. "शेठ, खुंटा जागेवर हाय की. पानी न्यायचं कागदात कुठं लिव्हलंय?"

त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने शांतपणे चहा संपवला.

गाळाची जमीन ज्यांनी कसायला घेतली होती, त्या मावशी डोक्याला फडकं बांधून वाफ्यात उभ्या होत्या. "होडी वडत न्यायची न्हाई. येल तुटत्यात. खांद्यावर उचला. आन् तुडवलेल्या वाफ्याचं दोन हजार."

"दोन हजारात मी अख्खा वाफा घेईन, मावशी. पाचशे."

"मग घ्या की वाफा. होडी न्हाई जायची."

सातशेवर आलो. त्या खाली बसून गवत उपटायला लागल्या. मी पाठ फिरवली. पाठ फिरवली की समोरचा परत हाक मारतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. तेवढ्यात फोन वाजला. अक्का फोनवर नेहमी ओरडूनच बोलते.

"आरं भाऊ, नवं लुगडं नेसून काठावर बसलेय! येतोस का न्हाई? पाठ लई दुखायलीय!"

अर्ध्या रानाला ऐकू गेलं. आपली नड समोरच्याला कळली की भाव संपला, हे मी किती लोकांना सुनावलं असेल! मावशींनी मान वर केली.

"भैन हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "दोन हजारच. पर माघारी येताना तिला खुर्चीत बसवून आमची पोरं रस्त्यापर्यंत उचलून नेत्याल. त्याचं काय घ्यायचं न्हाई. बाईला चालवू नका."

मी पैसे मोजून दिले. गडी होडी खांद्यावर घेऊन वेलांमधून पाय चुकवत निघाले आणि मी जळफळत मागून चाललो.

पलीकडचा काठ खडकाळ, पाणी जवळ. अक्काला उचलून होडीत ठेवलं. इंजिन चौथ्या झटक्याला सुरू झालं. दोन्ही हातांनी कड धरून ती म्हणाली, "ह्या होडीपायी आज किती गेलं रं तुजं?"

"दोनशे."

"दोनशे? लुटत्यात मेले!" ती उसळली आणि लगेच पाठ धरून कळवळली. "आन् तू काय बोल्ला न्हाईस?"

"नाही बोललो," मी म्हणालो आणि पाण्यावर हादरे बसू नयेत म्हणून इंजिन आणखी हळू केलं. गड्यांची मजुरी तासावर चढत होती.