टॉवरवाली सुट्टीवर

एका पिशवीत बाकीच्या पिशव्या कोंबून ठेवाव्यात, तसे आमच्या टॉवरवरचे किस्से साठत जातात. एक ओढला की चार बाहेर! मी विमानतळावर कंट्रोलर आहे. म्हणजे विमानांना रेडिओवर 'उतरा', 'थांबा', 'वर जा' सांगणारी. सध्या मात्र कारंज्याजवळच्या आमच्या गावी, धनजला, आईबाबांकडे सुट्टीवर आलेय. सोमवारी परत माइकवर बसायचंय. बसवेल की नाही, देव जाणे. का, ते सांगतेच. पण आधी आमचे सर.

* * *

सर म्हणजे आमचे शिफ्ट इन्चार्ज. माइकचं बटण दाबलं की आवाज लोणी, सोडलं की शिव्या! एकदा वादळामुळे विमानं वरच घिरट्या घालत होती. एक कॅप्टन सारखा विचारायचा, "माझा नंबर कधी?" सरांचा जेवणाचा डबा सकाळपासून तसाच पडलेला. सरांनी बटण दाबलं आणि गोड आवाजात म्हणाले, "कॅप्टन, तुमच्या पुढे चार विमानं आहेत. आणि माझ्या डब्याच्या पुढे तुम्ही आहात."

पुन्हा विचारायची त्याची हिंमत झाली नाही!

* * *

आमच्यात एक सक्त नियम आहे. आम्ही जे सांगू ते पायलटने जसंच्या तसं परत म्हणायचं. नुसतं 'हो' चालत नाही. ही सवय घरीही सुटत नाही. परवा बाबांना म्हटलं, "बाबा, गोळी जेवणानंतर घ्या."

"हो."

"हो नाही. काय करणार ते सांगा."

बाबा हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "पोट्टे, तुही माय जल्मभर सांगून राह्यली. तिनं बी कधी परत म्हनाले लावलं नाही!"

* * *

घरात बसवेना म्हणून एसटीने कारंज्याहून मंगरूळपीरला निघाले. तिथे काही काम नव्हतं. कंडक्टरने दोनदा घंटी मारली, गाडी सुटली. ड्रायव्हर हूं की चूं करेना! माझा जीव खालीवर. शेवटी कंडक्टरला विचारलंच, "तुमची घंटी ड्रायव्हरला ऐकू गेली, हे तुम्हाला कळतं कसं?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "गाडी चालून राह्यली ना, बाई!"

* * *

आता ते सांगते.

त्या संध्याकाळी एक विमान उतरायला अगदी जवळ आलं होतं, आणि दुसरं एक परवानगी नसताना धावपट्टीवर येऊन उभं राहिलं. मी उतरणाऱ्याला सांगितलं, "गो अराउंड." म्हणजे उतरू नका, पुन्हा वर जा. त्याने विमान वर घेतलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सरांनी पाठ थोपटली. उरलेली ड्युटी मी हसत केली.

दुसऱ्या दिवशी हेडसेट घातला. एक विमान मला हाक मारत होतं. काय उत्तर द्यायचं ते मला माहीत होतं, पण बटणावरचा अंगठा काही केल्या दाबला जाईना. सरांनी वाकून माझ्याऐवजी उत्तर दिलं. मग बटण सोडून, शिवी न देता म्हणाले, "घरी जा. थोडे दिवस जमिनीकडे बघ."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

* * *

पण जमिनीकडे बघवतं कुठे? गच्चीवर पापड वाळत घालताना आभाळात विमानांच्या दोन पांढऱ्या रेघा एकमेकींकडे सरकताना दिसल्या. मी ताडकन उठले. पापडावरच पाय पडला!

आई करवादली, "काहून उठतं? ते इमानं का तुह्या बापाचे हायेत?" मग चुरलेले पापड गोळा करत, "सोड ना वं थे नोकरी. रातभर कूस बदलून राह्यली तू. दिसते मले."

मलाही तेच वाटायला लागलं होतं.

* * *

आणि मग आमच्या विहिरीचा गाळ काढायला यारी आली. यारी म्हणजे गाळाचं टोपलं दोराने वर ओढणारी क्रेन. ती चालवणाऱ्याला विहिरीचा तळ दिसत नाही. काठावरचा माणूस सांगेल तसं तो चालवतो. माझा धाकटा भाऊ संजू टोपल्यात उभा राहून वर येत होता. अर्ध्यात टोपलं कलंडलं आणि त्याची कड बांधकामाच्या दगडाखाली अडकली. संजू दोराला लोंबकळला.

झालं! अख्खं शेत ओरडायला लागलं. "वर घे!" "खाली सोड!" "अबे, थांब ना!" यारीवाला गांगरला आणि त्याने ओढलं. दोर ताणला गेला, दगड निखळून पाण्यात पडले.

मी काठावर कधी पोचले, आठवत नाही.

"सगळे चूप. आता मी एकटीच बोलणार." ओरडले नाही मी. तरी सगळे गप्प झाले.

"यारीवाले दादा, थांबा. काय केलं?"

"थांबलो."

"हळूच खाली."

"खाली... हळू."

"संजू, भिंतीला पाय लाव. ढकल."

"सुटलं, ताई!"

"दादा, आता वर. हळू."

"वर. हळू."

संजू बाहेर आला आणि गाळाच्या ढिगावर मटकन बसला. आई इतका वेळ तोंडात पदर धरून उभी होती. तिने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याला जवळ घेतलं.

यारीवाला घाम पुसत माझ्याकडे आला. "बाई, आमचा मानूस नुसता बोंबलते. सोमवारी मंगरूळपीरले दुसरी हीर हाय. येसान काय?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नाही येत थे. सोमवारी तिची ड्युटी हाय!"