एकोणीस जोड, अठरा मुले

ते प्रकरण मी आजही विसरलेलो नाही. माझ्या सेवापुस्तकात त्याची नोंद नाही, कारण ते घडले तेव्हा मला निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती, आणि घडले तेही सिंगापूरमध्ये. तरीही मी ते माझेच प्रकरण समजतो. का, ते पुढे येईल.

चौतीस वर्षे महाराष्ट्र पोलिसांत काढून मी वरिष्ठ निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. पत्नीच्या निधनानंतर मुलीने मला सिंगापूरला, क्लेमेंटी भागातल्या तिच्या घरी नेले. मुलगी आणि जावई दोघेही तांजोंग पगारच्या कार्यालयांत नोकरीला होते. नऊ वर्षांच्या नातीची शाळा दुपारी सुटे आणि आईवडील सात वाजता घरी येत. अशा मुलांसाठी आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे आमच्या बहुमजली इमारतीच्या, तळमजल्यावरील एका मोठ्या खोलीत काही भारतीय कुटुंबांनी दुपारचे केंद्र चालवले होते. अभ्यास, खाणे, खेळ, चित्रकला. एकूण एकोणीस मुले.

केंद्र सांभाळायला एक बाई नेमल्या होत्या. वय तिशीच्या आसपास, मूळच्या साताऱ्याकडच्या, शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेल्या. रोज शहराच्या उत्तर टोकाच्या वुडलँड्सहून एमआरटी रेल्वेने येत. त्यांच्या मदतीला आम्ही आजी-आजोबा पाळीपाळीने बसत असू. माझी पाळी मंगळवारी आणि गुरुवारी असे.

पहिल्याच आठवड्यात मला तिथली व्यवस्था ढिली वाटली. मुले एका जागी बसत नाहीत. बाई मोजायला लागल्या की तेराव्या मुलापाशी कोणी तरी जागा बदले आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. मी त्यांना एक पद्धत सांगितली. पोलीस ठाण्यात आरोपीला कोठडीत टाकण्यापूर्वी त्याची अंगझडती होते; पट्टा आणि चप्पल बाहेर ठेवतात. पाळी बदलताना आमचे जुने हवालदार आधी बाहेरच्या चपला मोजत आणि मग आत नजर टाकत. आकडा कधी चुकला नाही. इथेही मुले पादत्राणे दाराबाहेरच्या मांडणीवर काढत. मी म्हणालो, ‘‘दर तासाला जोड मोजा आणि वहीत वेळ टाकून आकडा लिहा. मुलांच्या मागे धावू नका.’’

बाईंनी ते मानले. वही नीटनेटकी झाली. माझ्याबरोबर पाळीला असणाऱ्या पुण्याच्या एक आजी मात्र म्हणाल्या, ‘‘इन्स्पेक्टरसाहेब, आता मुलांच्या बोटांचे ठसे कधी घेताय?’’  मला माझी पद्धत आवडली होती.

तो गुरुवार होता. पाच वाजून वीस मिनिटांनी एका सात वर्षांच्या मुलीची आई नेहमीपेक्षा तासभर लवकर आली. मुलीचे वडील जहाजावर इंजिनियर. पाच महिन्यांनी त्यांचे जहाज त्या दिवशी सिंगापूरला लागणार होते आणि संध्याकाळी त्यांना काही तासांसाठी किनाऱ्यावर उतरण्याची परवानगी मिळणार होती. आईने दारातूनच हाक मारली. मुलगी आली नाही.

सुरुवातीला कोणीही घाबरले नाही. आपल्या लोकांत एक रीत असते. एखादी काकू आपल्या मुलाला न्यायला येते आणि जाताना शेजारणीचे मूलही घेऊन जाते. पुण्याच्या आजी म्हणाल्या, ‘‘अगं, ती आठव्या मजल्यावरची घेऊन गेली असेल. खाऊ घालत बसली असेल पोरीला.’’ फोन झाले. कोणीही नेले नव्हते. शिवाय मुलीचे लाल सँडल मांडणीवरच होते.

त्या सँडलनी आमची वीस मिनिटे खाल्ली. सँडल इथे म्हणजे मुलगी इथेच, असे मीच सर्वांना सांगितले. कपाटे उघडली. टेबलांखाली पाहिले. गुंडाळलेल्या चटयांमागे पाहिले. मुलीच्या नावाने हाका मारता मारता आईचा आवाज बसला. शेवटी तिने पोलिसांना फोन केला.

तोवर मी माझे काम सुरू केले होते. बाईंना कोपऱ्यात उभे केले.

‘‘पाच वाजता मोजणी केलीत?’’

‘‘केली, काका. एकोणीस.’’

‘‘तेव्हा मुलगी खोलीत होती?’’

‘‘आकडा बरोबर होता.’’

‘‘मी आकडा विचारत नाही. मुलगी पाहिलीत का?’’

बाई गप्प राहिल्या. मी तोच प्रश्न तीन वेळा विचारला, दर वेळी आवाज चढवून. त्यांच्या ओठांना कंप होता, नजर जमिनीकडे. हजारो जबाब घेतलेल्या माणसाला ही लक्षणे ओळखीची असतात. मी मनात नोंद केली की बाई काही तरी लपवत आहेत. त्या लपवतही होत्या. काय, ते मला तेव्हा सुचले नाही.

आई मध्येच पुढे आली. ‘‘तुमच्या भरवशावर ठेवली होती मी तिला. काय करत होतात तुम्ही? फोनवर होतात?’’

‘‘नाही हो ताई...’’ एवढेच बाई म्हणाल्या.

दोन पोलीस आले. त्यांतला अधिकारी तरुण होता, पंचविशीतला, तमिळ. मी त्याला माझा पूर्वीचा हुद्दा सांगितला. तो नम्रपणे म्हणाला, ‘‘थँक यू, अंकल. प्लीज सिट डाउन फर्स्ट.’’ मी बसलो. चौतीस वर्षांत अनेक वडीलधाऱ्यांना मी असेच बसवले होते.

मी बसल्यावर माझी नात जवळ आली. ती नुकतीच टॉयलेटला जाऊन आली होती. म्हणाली, ‘‘आजोबा, टॉयलेटच्या स्लिपर्स नाहीत. आय हॅड टू गो बेअरफुट. सो डर्टी, लाह.’’ वाक्याला ‘लाह’ जोडण्याची तिथली लकब तिने शाळेतून उचलली होती.

केंद्राच्या टॉयलेटच्या दारात रबरी चपलांचा एक जोड कायम असे. निळा, मोठ्या माणसाच्या मापाचा. मुले आत जाताना त्यात पाय सरकवत आणि बाहेर येताना तिथेच काढत. तो जोड घरच्या वस्तूसारखा होता, म्हणून कोणी मोजत नसे. टॉयलेटच्या बाजूलाच मागचे दार होते. ते दिवसा उघडे असे, वारा यावा म्हणून.

मी उठून मांडणीपाशी गेलो आणि लाल सँडल हातात घेतले. त्यांना बारीक बकल होते. सात वर्षांच्या मुलीला ते एकटीला लावता येत नसे. रोज बाई लावून देत. म्हणजे बाईंना न सांगता बाहेर पडायचे तर सँडल निरुपयोगी. मुलगी निळ्या चपला घालून मागच्या दाराने गेली होती. स्वतःच्या पायांनी, लगेच परत येण्याच्या हिशेबाने. आणि तिचे सँडल मांडणीवर बसून पाच वाजता तिची हजेरी देत होते.

मी तरुण अधिकाऱ्याला हे सांगितले. त्याने या वेळी मला बसायला सांगितले नाही. विचारले, ‘‘तेवढ्या मोठ्या चपला घालून ती किती दूर जाईल?’’ प्रश्न चांगला होता. फार दूर नाही, रस्त्यापलीकडे तर नाहीच. पण कुठे?

मी नातीकडे वळलो. ‘‘ती काय म्हणाली होती तुला? खरे सांग. आठव नीट.’’

नात मागे सरकली. माझा स्वर बाईंसाठी काढलेलाच होता. तो बदलायचे मला सुचले नव्हते.

तेव्हा बाई पुढे आल्या. नातीसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या, त्यामुळे त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्यापेक्षा खाली आला. म्हणाल्या, ‘‘आज खाताना तुम्ही दोघी शेजारी होतात ना? काय गप्पा चालल्या होत्या गं?’’

‘‘पापाज शिप,’’ नात म्हणाली. ‘‘ती विचारत होती, इथून दिसते का. मी म्हटलं, कॅनॉट, लाह. खालून कसं दिसेल? मस्ट गो टॉप फ्लोअर.’’

‘‘आधी का नाही बोललीस?’’ मी विचारले.

‘‘तुम्ही टीचरला ओरडत होता. मला कोणी विचारलंच नाही.’’

सिंगापूरच्या त्या ब्लॉकमध्ये घरांसमोरून उघडी गॅलरी जाते. तिला छातीएवढा कठडा असतो, मोठ्या माणसाच्या छातीएवढा. आमच्या ब्लॉकच्या वरच्या मजल्यांवरून दूर समुद्र आणि नांगर टाकलेली जहाजे दिसतात. मुलीची उंची कठड्याला पुरणारी नव्हती. लोक गॅलरीत कुंड्या ठेवतात. हे सर्व माझ्या आणि त्या अधिकाऱ्याच्या डोक्यात एकाच वेळी आले असावे, कारण आम्ही दोघेही लिफ्टकडे धावलो. दुसऱ्या शिपायाला त्याने इमारतीखालच्या हिरवळीकडे पाठवले. का, ते त्याने मोठ्याने सांगितले नाही. आई आमच्याबरोबर लिफ्टमध्ये होती.

अशा वेळी लिफ्टला लागणारा वेळ कोणत्याही डायरीत लिहिता येत नाही.

सर्वांत वरच्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाला मुलगी उभी होती. पालथ्या कुंडीवर. निळ्या चपला खाली शेजारी नीट काढून ठेवल्या होत्या. हनुवटी कठड्यावर. तिच्यामागे एक वृद्ध चिनी बाई उभी होती आणि तिने मुलीचा फ्रॉक पाठीमागून दोन्ही मुठींत घट्ट धरला होता.

आम्हाला पाहून ती वृद्धा म्हणाली, ‘‘शी वेट फॉर पापा बोट. आय से कम डाउन, शी डोन्ट वॉन्ट. आय आस्क व्हिच फ्लोअर स्टे, शी डोन्ट से. सो आय होल्ड, लाह. वेरी लाँग ऑरेडी.’’

तिच्या हातांच्या शिरा फुगल्या होत्या. ती किती वेळ तशी उभी होती, हे तिला सांगता आले नाही. आईने मुलीला उचलल्यावरही तिच्या मुठी लगेच सुटल्या नाहीत.

मुलीने आईच्या खांद्यावरून मला पाहिले आणि तक्रार केली, ‘‘आजोबा, सगळ्या बोटी सेमच दिसतात.’’

मी वाकून निळ्या चपला उचलल्या. 

खाली आल्यावर अधिकाऱ्याने नोंदी घ्यायला सुरुवात केली. पालक जमले होते. मागचे दार, वही, मोजणी, सर्व त्याने क्रमाने विचारले. वहीतला पाच वाजताचा आकडा त्याने दोनदा पाहिला. मग विचारले की मुलांऐवजी पादत्राणे मोजण्याचे कोणी ठरवले.

बाई म्हणाल्या, ‘‘आय डिड.’’

तेव्हा मला कळले की त्या काय लपवत होत्या. मी कोपऱ्यात उभे करून प्रश्न विचारत होतो तेव्हा एका वाक्यात माझे तोंड बंद करणे त्यांना शक्य होते. ‘काका, तुम्हीच सांगितले होते.’ मुलीच्या आईसमोर आणि माझ्या नातीसमोर त्या ते बोलल्या नाहीत. वडीलधाऱ्या माणसाची लाज राखली. त्या देशात कामाचा पास, म्हणजे परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना, नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली असती तर त्यांचा पासही गेला असता, आणि मुले सांभाळणाऱ्या बाईच्या नावाला असा डाग लागला की दुसरे केंद्र तिला घेत नाही. हे त्यांना माहीत होते.

मी उभा राहिलो. इंग्रजीत म्हणालो, ‘‘नो. पद्धत माझी आहे. मी शिकवली. बाईंनी माझे ऐकले, एवढाच त्यांचा दोष.’’

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि लिहून घेतले. त्याने माझे पूर्ण नाव आणि पासचा क्रमांक विचारला. आयुष्यभर मी हे इतरांना विचारत आलो होतो.

पुढे पोलिसांनी केंद्राला समज दिली आणि प्रकरण थांबवले. पण रविवारी पालकांची बैठक झाली आणि त्यात काही जणांनी बाईंना काढण्याची मागणी केली. मी तेच पुन्हा मराठीत सांगितले. एक गृहस्थ म्हणाले, ‘‘काका, तुम्ही मोठ्या मनाने घेताय अंगावर.’’ मी म्हणालो, ‘‘मोठे मन नाही. कोठडीला कुलूप असते, म्हणून चपला मोजून भागते. मुले कोठडीत नव्हती. ते मला समजायला हवे होते. काढायचे असेल तर मला काढा.’’

 मग मुलीची आई म्हणाली, ‘‘टीचरना काढायचं नाही. त्यांनी बसून विचारलं म्हणून माझी पोर सापडली.’’ विषय तिथे संपला. बाई राहिल्या. मागच्या दाराला घंटी लागली. सहीशिवाय कोणतीही काकू कोणाचेही मूल नेणार नाही, असे ठरले. दर तासाला बाई मुलांना गोल बसवून प्रत्येकाचे नाव घेत आणि मूल हात वर करी. गोंधळ होई. वेळ जाई. आकडा मात्र मुलांचा असे.

बैठकीनंतर मी बाईंजवळ गेलो. माफी मागण्याची मला सवय नव्हती. म्हणालो, ‘‘त्या दिवशी मी चुकीच्या माणसाची उलटतपासणी केली.’’

त्या म्हणाल्या, ‘‘जाऊ द्या, काका. पण पुढच्या गुरुवारी या. पाळी तुमचीच आहे.’’

सेवेत असताना मी समजत असे की गप्प बसलेला माणूस स्वतःला वाचवत असतो. अनेकदा ते खरेही निघाले. पण त्यांतले किती जण दुसऱ्या कोणाला वाचवत होते, हे मी कधी तपासले नाही. आता तपासता येणार नाही. ते कागद बंद झाले आहेत.

पुढची दोन वर्षे मी त्या केंद्रात जात राहिलो. सुटण्याच्या वेळी दारात बसत असे. मुलगी माझ्यासमोर पाय पुढे करी आणि मी खाली वाकून तिच्या लाल सँडलचे बकल लावी. गुडघे दुखत. बाई म्हणत, ‘‘काका, द्या मी लावते.’’ मी देत नसे. बकल लावताना सँडलमध्ये पाय आहे, हे दिसते.