एकोडीची पाटी

साकोलीच्या एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर बसणारा कवडू कापगते बावन्न वर्षांचा होता आणि फावल्या वेळात मोबाइलवर एसटी चालवायचा. बस चालवण्याचा तो खेळ मूळचा परदेशी. पण नागपूरच्या राखी नावाच्या मुलीनं त्याला वरून जोडायला एक मोड बनवला होता. तो टाकला की खेळातली बस आपली लाल एसटी व्हायची. टपावरची शिडी तीच, हॉर्नही तोच. फक्त समोरची पाटी कायमची 'नागपूर–पुणे'. कवडूला हवं होतं त्याच्या गावाचं नाव, एकोडी.

मोडच्या ग्रुपवर त्यानं लिहिलं, "मॅडम, पाटीवर आपल्या मनानं गावाचं नाव टाकता येईल असं करा." वर पोरांच्या मागण्यांची रांगच होती. कुणाला रंगीत दिवे हवे होते, कुणाला डीजे. यात आपलं कोण वाचणार, असं वाटून त्यानं खाली जोडलं, "मी स्वतः एसटी ड्रायव्हर आहे. बावीस वर्षं झाली."

हे साफ खोटं होतं. पंचविशीत त्यानं ड्रायव्हरची परीक्षा दिली होती, गाडीही झकास चालवून दाखवली होती. पण तपासणीत डोळ्यांना लाल-हिरवा रंग ओळखता आला नाही आणि तो बाद झाला.

तासाभरात राखीचं उत्तर आलं. "काका, खरे ड्रायव्हर माझा मोड वापरतात! तुमचं काम आधी करते." मग ती विचारत गेली, गिअर टाकताना आवाज कसा येतो, पाटी कोण बदलतं. कवडू सांगत गेला. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून तो वर्षानुवर्षं हेच तर पाहत आला होता; एकही उत्तर चुकलं नाही. पोरं त्याला 'ड्रायव्हर काका' म्हणू लागली. आधी त्याला कसंनुसं झालं. आठवडाभरानं मात्र ते नाव ऐकायला तो मुद्दाम ग्रुप उघडू लागला.

एका शनिवारी राखीचा फोन आला. "काका, पाट्यांचे फोटो घ्यायला साकोली स्टँडवर आलेय. तुमच्या गाडीत बसायचंय!"

कवडू धावतच निघाला. पण स्टँडवर पोचल्यावर पाय पुढे सरेनात. तो रसवंतीच्या आडोशाला थांबला. पाट्यांचे फोटो काढणारी राखी नेमकी श्यामरावांना विचारत होती, आणि श्यामराव म्हणजे रोज त्याला एकोडीहून आणणारे ड्रायव्हर.

"कवडू कापगते? तो कायचा ड्रायव्हर, बेटा? मिलमंदी काट्यावर बसते तो. तो पाय, रसवंतीजवळ उभा हाये!"

चार माणसं वळून पाहू लागली. कवडूची मान जी खाली गेली ती वर होईना. राखी जवळ आली. तिनं मोबाइल पुढे केला. पाटीवर 'साकोली–एकोडी', आणि खाकी कपड्यातल्या ड्रायव्हरच्या छातीवर बिल्ला, 'क. कापगते'.

"काका, खरं सांगितलं असतं तरी पाटी केलीच असती मी."

"मले वाटलं, काट्यावरच्या माणसाचं कोण आयकते." "तो बिल्ला काढून टाक, बेटा. ग्रुपवर मीच सांगतो."

"नका सांगू. कुणाला काय फरक पडतो?"

त्यानं तिथंच बाकावर बसून लिहिलं, "मी ड्रायव्हर नाही. खोटं बोललो. माफ करा." पोरांनी हसण्याचे इमोजी टाकले. एकानं लिहिलं, 'खोटारडे काका'. ते कवडूनं दोनदा वाचलं.

त्यानंतर दहा दिवस तो श्यामरावांची गाडी टाळून सायकलनं कामावर गेला. शेवटी बायकोनं, रुखमिणीनं विचारलंच, "एसटी काहून सोडली जी?"

तिलाही त्यानं लग्नानंतर सांगितलं होतं, की ड्रायव्हरची नोकरी आपणच शेतीपायी नाकारली. आता अडखळत, डोळ्यांच्या तपासणीपासून त्यानं सगळं सांगितलं.

रुखमिणी तांदूळ निवडत होती. "डोयाचं मले लग्नाच्या आंधीच मालूम होतं," ती म्हणाली. "मामाजीनं, तुमच्या बाबानंच सांगतलं होतं."

"मंग येवढे वर्षं बोलली काहून नाही?"

"तुमी येवढं रंगवून सांगत होता. कसं बोलू?"

कवडू सूप मधे ठेवून तिच्यासोबत खडे वेचू लागला. तिच्याकडे पाहायची मात्र त्याची हिंमत झाली नाही.