दंड शंभरावरून एकावर

उत्क्रांती हा शब्द सभ्य आहे. आम्ही संगणकावर करतो ती कत्तल. एकाच प्रश्नाची शेकडो उत्तरं आंधळेपणाने तयार करायची, कमकुवत मारायची, तगलेल्यांची पैदास करायची, पुन्हा मारायची. सोलापूरहून चेन्नईला येऊन पीएचडीची चार वर्षं मी हेच केलं, आणि उरलेल्या वेळात कंत्राटी कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहिली. दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे कळायला एका बाईचा हात जावा लागला.

तांबरमच्या पुढे गाड्यांचे सुटे भाग ठोकणारा एक कारखाना. तिथल्या प्रेसचा, पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राचा, वेग वाढवायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलं. पत्रा आत ठेवला की हात बाहेर निघेपर्यंत प्रेस क्षणभर थांबायचा. हा थांबा कमी करणाऱ्या उत्तराला आमच्या प्रोग्राममध्ये दंड होता, शंभर गुणांचा. त्यामुळे वेगवान उत्तरं पटापट मरत होती. माझे सर तंजावरकडचे मराठी, या विषयात उभं आयुष्य घातलेले. माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "अगो, सगळीं लेकरें मारतेस की! दंड उतरव. एक ठेव."

मी एक टाइप केला. वाद घातला नाही. पत्रकांत वाद घालणारी मी, तिथे गप्प बसले, कारण मला निकाल हवा होता.

कारखान्यात नव्या वेगाच्या चाचणीच्या दुसऱ्याच पाळीत मी प्रेसजवळ उभी होते. तो खाली आला. आवाज नेहमीसारखाच. मध्ये हाड आलं म्हणून यंत्राचा आवाज बदलत नाही. प्रेसवर पत्रा ठेवणाऱ्या अक्काने, सगळी लाइन तिला अक्काच म्हणायची, उजवा हात ओढून काढला, तेव्हा मनगटापुढे नुसत्या लाल चिंध्या होत्या. ती ओरडली नाही. बाकीचे ओरडले.

"मोबाइल बघत होती," सुपरवायझर म्हणाला. कोणीतरी त्याच्या तोंडावर पाना हाणला. दात फरशीवर पडले. मग गेटवर रखवालदारांनी काठ्या चालवल्या, एक माझ्या भुवईवर बसली आणि रक्ताने त्या डोळ्याला दिसेनासं झालं.

कारखान्याने अहवाल दिला: कामगाराचा निष्काळजीपणा. ते टिकलं असतं तर अक्काची नोकरी गेली असती. कामगार खात्याच्या अधिकाऱ्यापुढे चौकशी लागली. बाहेर व्हरांड्यात सर मला म्हणाले, "यंत्रानें निवडलें तें. आंधळी निवड. कोणाला फासावर देणार, सांग?"

साफ खोटं! आमच्या धंद्यात आंधळेपणालाही क्रमांक असतो. त्याला बीज म्हणतात. तेच बीज घातलं की तीच पिढी जन्मते, त्याच क्रमाने मरते, शेवटपर्यंत. मी लॅपटॉप अधिकाऱ्याच्या टेबलावर आदळला आणि त्या दिवशीचं बीज घातलं. पिढीमागून पिढी थांबा आकसत गेला. अक्का बँडेज केलेलं थोटं मनगट मांडीवर घेऊन बघत होती.

"माझा हात कुठे गेला ते दाखव," ती तमिळमध्ये म्हणाली.

एकसष्टाव्या पिढीत थांबा हात काढायला लागणाऱ्या वेळेहून कमी झाला होता, तिथे मी बोट ठेवलं. मग दंड परत शंभर करून तेच बीज चालवलं. थांबा हलला नाही.

"दंड कोणी उतरवला?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी. सरांनी सांगितलं, मी केलं."

"असें सांगितल्याचें मला आठवत नाहीं," सर माझ्याकडे न बघता मराठीत पुटपुटले.

"कसं आठवेल? तुमचा हात शाबूत आहे."

अधिकाऱ्याने निष्काळजीपणा हा शब्द खोडला. तो खोडून होतोय तोवर अक्का उठली आणि डाव्या हाताने माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी खुर्चीसकट कलंडले.

मॅनेजमेंटचा माणूस ताडकन उभा राहिला. "हे लिहून घ्या साहेब! बघा, किती हिंसक बाई आहे!"

"लिहा," मी जमिनीवरूनच म्हटलं. "आधी प्रेसचं लिहून पुरं करा, मग हे लिहा."